दासोल किमची फाडायला शिकते

सेऊलमध्ये दासोलला पाहिलं नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि तिला ओळखणारा सापडणं त्याहून कठीण. मागच्या हिवाळ्यात शहरातल्या निम्म्या बसस्टॉपवर ती नवा फोन धरून होती. त्याच्या आधी ती बिअरचा ग्लास उचलत होती, त्याच्या आधी नूडल्सच्या वाटीचं झाकण उघडत होती, आणि एका वर्षी तर अख्ख्या देशाच्या सर्दीवरची गोळी तिनेच पाकिटातून काढून दिली. पण सगळं मनगटापर्यंत. मनगटाच्या मागे एक बाई आहे, तिला नाव आहे, नवरा आहे, सासू आहे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. दासोल हातांची मॉडेल आहे. चौदा वर्षं झाली.

खरं तर तिला व्हायचं होतं अख्खी मॉडेल. जेचनसारख्या डोंगरातल्या गावात, आईच्या केस कापायच्या दुकानात मासिकं चाळत ती वाढली, आणि मासिकातल्या बायका किती उंच असतात हे कागदावर कळायचं काही कारण नव्हतं. विसाव्या वर्षी फोटोंची फाईल काखोटीला मारून ती सेऊलला आली. उंची पाच फूट दोन इंच. सात एजन्सींनी तिला गोड हसून कॉफी पाजली आणि दार दाखवलं. आठव्या एजन्सीत चष्मा डोक्यावर आणि पेन अंबाड्यात खोचलेल्या बांग मॅडम बसल्या होत्या. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. फाईल पुढे करणाऱ्या हाताकडेच त्या बघत राहिल्या.

"चेहरा राहू दे बाजूला," त्या म्हणाल्या. "हात पालथा कर. आता उताणा. बोटं जुळव. मधे फट? नाही. भांडी घासतेस?"

"घासते की."

"आजपासून बंद."

लोकांना वाटतं, हात सुंदर मिळाले की झालं. मिळतात ते एकदाच, पुढे राखायचे रोज. दासोल घरात सुती हातमोजे घालते आणि बाहेर कातडी. दारं कोपराने उघडते, लिफ्टचं बटण पेनाच्या टोकाने दाबते. मांजर पाळायची फार हौस, पण नखांमुळे मांजर बाद. एकदा लाइट बिलाच्या पाकिटाने तर्जनीला बारीकशी रेघ कापली, आणि तेवढ्यावर घड्याळाची जाहिरात हातची गेली. तेव्हापासून घरातली टपाल उघडायची कामं नवऱ्याची.

आणि हे झालं फक्त राखणं. काम वेगळंच. भरलेला कप चाळीस मिनिटं धरायचा आणि चहावर तरंगसुद्धा उठू द्यायचा नाही. प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू व्हायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर धरून उभं राहायचं, म्हणजे रक्त खाली उतरतं आणि शिरा दिसत नाहीत. सेटवर कुणी नवखा आला तर त्याला वाटावं, हिला पोलिसांनी पकडलंय. कधीकधी मोठ्या नटीचे हात म्हणून उभं करतात. तेव्हा तिच्या मागे दडून, तिच्या काखेतून हात पुढे काढून, तिच्या तोंडाला क्रीम फासायचं. दासोलने या देशातल्या चार प्रसिद्ध काखा अगदी जवळून पाहिल्या आहेत, पण त्याबद्दल ती कुणापाशी एक अक्षर बोलत नाही.

नवरा मिळाला तोही मोज्यांमुळेच. तेसोक चष्म्याच्या दुकानात काम करायचा. पहिल्यांदा दोघं भेटली ती ऐन जुलैत, माणसं घामाने निथळत होती आणि ही मोजे घालून बर्फाचा गोळा खात होती. तेसोक बिचारा काही बोलला नाही. पुढच्या भेटीला मात्र त्याने हळूच खिशातून मलमाची डबी काढली आणि म्हणाला, "माझ्या मामालाही होतं असं. लाजायचं काय त्यात." दासोल इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस सोडायचा नसतो हे तिला तिथेच कळलं. आज तोच स्वयंपाक करतो, तोच भांडी घासतो, आणि जेवताना किमची, म्हणजे तिखट मसाल्यात मुरवलेला कोबी, कात्रीने कापून तिच्या पुढ्यात ठेवतो.

सगळं छान होतं. एक सासू सोडून.

हेनाम म्हणजे दक्षिणेचं अगदी टोक. तिथे थंडीतसुद्धा शेतं हिरवीगार, कारण जिकडेतिकडे कोबी. तेसोकची आई, मालसून, तिथे एकटी राहते आणि सगळ्या गावाला पुरून उरते. डिसेंबरात वर्षाची किमची घालायला घर जमतं: थोरला मुलगा, त्याची बायको ओक्जू, शेजारणी, चुलत्या. मिठात मुरवून निथळलेल्या दोनशे कोबींचा ढीग, ताडपत्रीवर मसाल्याचा लाल डोंगर, आणि भोवती बसकण मारलेल्या बायका, कोपरापर्यंत लाल. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात दासोल तिथे तीन मोजे एकावर एक चढवून बसली. तिसऱ्या कोबीला मसाला मोज्याच्या आत शिरला. चार दिवसांवर क्रीमची जाहिरात होती. ती किंचाळत नळाकडे धावली, आणि त्या घरात तिचं जे काही नाव व्हायचं होतं ते त्या नळाखाली वाहून गेलं.

दुसऱ्या वर्षी लसूण सोलायला द्यावा तर लसूण झोंबतो, कोबी उचलायला सांगावा तर देठ ओरखडतो. शेवटी उकडलेल्या मांसाचे तुकडे जेवायच्या काड्यांनी उचलून, हात माखलेल्या बायकांच्या तोंडात घालायचं काम तिच्याकडे आलं.

"आपल्याकडे सून नाही हो आली, पाहुणी आली," ओक्जू घास चावत म्हणाली. "वर्षातून एकदा येते, भरवते आणि जाते."

"तिचे हात काचेच्या कपाटात ठेवायचे असतात बाई," मालसून म्हणाली. "आपले कुठं ठेवायचे? मसाल्यात."

सगळ्या खो खो हसल्या. दासोलही हसली, पण तिला ते लागलं. तसं मालसूनलाही काही कमी लागलं नव्हतं. गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकघरात दुपारी बायका जमतात, पत्ते कुटतात, टीव्ही बघतात. तिथे तिने एकदा तोऱ्यात सांगितलं होतं की ती नूडल्सची जाहिरात लागते ना, ती आमची धाकटी. बायकांनी जाहिरात तीनदा डोळे फाडून पाहिली.

"तोंड कुठाय गं तिचं?"

"तोंड नसतं त्यात. हातच."

"अगं, मग हात काय, कुणाचाही असेल!"

तेव्हापासून मालसूनने सुनेच्या नोकरीचा विषय काढला नाही. सुनेनेही सासूपाशी काढला नाही. तीन वर्षं दोघी एकमेकींशी हवामानाबद्दल बोलत होत्या.

यंदा सप्टेंबरात बांग मॅडमनी दासोलला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर त्यांच्या सगळ्या हातांचे फोटो ओळीने लावलेले असतात. दासोलचा फोटो मधल्या ओळीतून खालच्या ओळीत आला होता, आणि तिच्या जुन्या जागेवर येबिन नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचे हात होते. दासोलने ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

"किमचीच्या फ्रीजची जाहिरात आहे," बांग मॅडम म्हणाल्या. "मोठी कंपनी, वर्षाचा करार. घरच्या बाईचे हात हवेत. हे नीट झालं तर तू पुढे आईचे हात म्हणून बसशील, चाळिशीपर्यंत तुला कुणी हलवत नाही. आणि नाही झालं तर... खरं सांगू? तुझ्यासाठी आता मला फोन येत नाहीत. मीच करते."

दासोलने मान हलवली. बांग मॅडम कधी खोटं बोलत नाहीत, ही त्यांची वाईट खोड आहे.

सोमवारी स्टुडिओत तालीम झाली. दृश्य पाच सेकंदांचं. वाफाळता भात, फ्रीजमधून काढलेला किमचीचा अख्खा गड्डा. हाताने एक लांब पान उभं फाडायचं आणि समोर कुणीतरी भाताचा चमचा धरलाय त्याच्यावर अलगद ठेवायचं. बस. घरोघरी आया हे करतात, डोळे मिटून करतात.

दासोलने दोन बोटांच्या टोकांत पान पकडलं, मनगट वळवलं, उजेड बरोब्बर नखांवर आणला आणि ओढलं. चौदा वर्षांचं कसब पणाला लावलं.

"थांबा," दिग्दर्शक प्यो म्हणाला. "बाई, ही अंगठी नाही, किमची आहे."

दुसऱ्यांदा.

"आता पाकीट उघडताय."

पाचव्यांदा पान मधेच तुटलं. नवव्यांदा ते चमच्याच्या शेजारी पडलं. प्योने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "घरी कशी खाता हो तुम्ही?"

"कात्रीने कापून."

"आणि लहानपणी? आईने कधी..."

"आई दुकानात असायची. विकतची यायची, डब्यात कापलेलीच."

भात वाढणारी बाई चुकचुकली. प्यो बांग मॅडमना बाजूला घेऊन गेला, पण तो आवाज काही बाजूला नेत नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. हातांचं दृश्य शुक्रवारी, सगळ्यात शेवटी. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर येबिनला आणा.

"येबिनला तरी कुठं फाडता येतंय?" बांग मॅडम म्हणाल्या.

"नसेल येत. पण तिच्या वयाला ते शोभतं तरी."

घरी येऊन दासोल जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने तेसोकला सगळं सांगितलं. तेसोक भाकरी थापल्यासारखा दोन्ही हातांनी टेबल थोपटत ऐकत होता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "माझी आई."

"वेडा आहेस का? त्यापेक्षा मी येबिनला स्वतः टॅक्सीने सेटवर सोडते."

"बरं, मग दुसरं कोण आहे?"

दासोलने विचार केला. जेचनची आई, केस कापणारी. बांग मॅडम, उभ्या उभ्या सँडविच खाणाऱ्या. मैत्रिणी, सगळ्या कात्रीवाल्या. मंगळवारी सकाळी ती दक्षिणेच्या बसमध्ये बसली आणि पाच तास मनात वाक्यं जुळवत राहिली. आई, मी बरेच दिवस तुमच्याशी बोलायचं म्हणत होते. आई, माझं चुकलं. आई, तुमची तब्येत कशी आहे.

मालसून शेतात होती. कोबीच्या लावणीचे दिवस, रोपांच्या ओळींमध्ये ती उकिडवी सरकत होती. बांधावर सून दिसली तशी ती उठली.

"एकटीच? तेसोकने काही केलं का?"

"नाही, आई."

"मग दिवस गेलेत?"

"नाही हो."

"मग ऐन लावणीत आलीस कशाला?"

जुळवलेली सगळी वाक्यं पाच तासांच्या रस्त्यात कुठेतरी सांडली होती. "आई," दासोल म्हणाली, "मला किमची फाडायला शिकवा."

मालसूनने रोपांची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "ओक्जूने पाठवलं का तुला माझी थट्टा करायला?"

मग दासोलने सगळं सांगितलं. भिंतीवरची खालची ओळ, येबिन, शुक्रवार. तोंडावर ऊन, बुटात चिखल. मालसून ऐकत होती आणि नखातली माती काढत होती.

"म्हणजे तू माझ्याकडे नाही आलीस," ती म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून आलीस."

"हो," दासोल म्हणाली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"मला वाटलं आता म्हणशील, नाही हो आई, तुमची आठवण आली. बरं झालं नाही म्हणालीस. मला राग आला असता." मालसून गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल घरात. पण ही ओळ संपवू दे आधी. तू नको हात लावू, सावलीत थांब. तुझ्या हातांचं काही झालं तर मला पोलीस धरतील."

स्वयंपाकघरात मालसूनने मागच्या डिसेंबरातली मुरलेली किमची काढली. आंबूस वास घरभर पसरला. दासोलने सवयीने पिशवीतून रबरी मोजे काढले.

"ठेव ते. मोज्याने पान किती ताणलंय ते कळतं का?"

"पण आई, शुक्रवारी..."

"ऐकलंय मी, बहिरी नाही." मालसून गड्डा नळाखाली धरून पान न् पान धुवायला लागली. तिखट निघालं, लाल पाणी वाहून गेलं, खाली फिकट पिवळा कोबी उरला. अशी धुतलेली जुनी किमची भाताला गुंडाळून खातात. मग तिने दासोलचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांच्यावर तिळाचं तेल चोळलं, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना. "आता नाही झोंबणार. बायकांना हे माहीत असतं, कुणी विचारलं तर सांगतात."

तीन वर्षांत सासूने तिला हात लावायची ही पहिलीच वेळ होती. दासोलला एकदम रडू येईलसं झालं, म्हणून तिने घाईघाईने गड्डा पुढे ओढला.

"हं. देठाशी असं धर. आणि फाड."

"असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे असं!" मालसूनने फाडलं. पान देठापासून शेंड्यापर्यंत सरळ उतरलं.

"कुठल्या बोटाने दाबलंत?"

"बोट? मला काय ठाऊक कुठल्या बोटाने! साठ वर्षं फाडतेय, बोटं मोजत बसले असते तर घर उपाशी मेलं असतं."

तासभर असंच चाललं. मालसूनचा हात सांगत होता आणि तिच्या तोंडाला ते सांगता येत नव्हतं. दासोलची पानं तुटत होती. शेवटी तिने तिच्या धंद्यातली युक्ती काढली. "आई, मी तुमच्या मागे बसू?"

"मागे कशाला?"

"नटीचे हात व्हायचं असतं ना, तेव्हा आम्ही असंच बसतो." आणि ती मालसूनच्या पाठीला चिकटून बसली, हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवून, म्हणजे हात जिकडून मालसूनला दिसतो तिकडूनच तिलाही दिसावा.

"अगं, गुदगुल्या होतात मेले!"

"हलू नका, आई."

"बाई बाई बाई, कुणी बघितलं तर म्हणतील, म्हातारीला भूत लागलंय."

पण ती हलली नाही. एकामागून एक पानं फाडत राहिली, आणि दासोल बघत राहिली. हे मात्र तिचं काम होतं. प्रश्न न विचारता, कारण न शोधता, दिसेल तो हात जसाच्या तसा उचलायचा. कुठे दाब येतो, कुठे सैल पडतो, मनगट कधी वळतं. दुपार कलली तसा तो हात तिला पाठ व्हायला लागला. मग तिने मागूनच, सासूच्या काखेतून, आपला हात पुढे काढला आणि फाडलं. पान शेंड्यापर्यंत सरळ उतरलं.

"आलं की!" मालसून ओरडली.

तरी चमच्यावर ठेवताना ते बिघडायचं. पान अवघडून पडायचं, चमच्याच्या कडेवरून लोंबायचं. मालसूनने दोनदा पाहिलं आणि ती फटकन म्हणाली, "तू बघतेस कुठं?"

"हाताकडे."

"हाताकडे काय बघायचं? तो काय पळून जाणारे? चमच्याकडे बघ. ज्याचा चमचा आहे त्याला भूक लागलीय, त्याचं तोंड उघडं आहे, भात निवतोय. त्याच्याकडे बघ." तिने भाताचा चमचा भरून दासोलच्या हातात दिला, पान फाडलं, त्याचं मऊ वेटोळं करून भातावर ठेवलं. "खा."

दासोलने खाल्लं.

"आता मला दे."

मालसूनने चमचा धरला. दासोलने चौदा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे न बघता तो चालवला. पान भातावर बसलं. मालसूनने घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"जमलं का, आई?"

"थांब गं, खाऊ दे." तिने नाक ओढलं. "माझ्या चमच्यावर कुणी ठेवली नव्हती कधीपासून. सासरे होते तुझे तेव्हा ते ठेवायचे, चिडवायला. अजून एक ठेव."

बुधवार आणि गुरुवार दोघींनी एवढी किमची खाल्ली की मालसून म्हणाली, यंदा दोनशे गड्डे पुरायचे नाहीत.

शुक्रवारी स्टुडिओत दासोलने दोन्ही हात डोक्यावर धरले, रक्त उतरू दिलं आणि मग टेबलाशी आली. समोर चमचा धरून एक म्हातारा नट बसला होता. खरोखर भुकेला होता, सकाळपासून त्याला बसवून ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, देठाशी धरलं, फाडलं, ठेवलं. म्हाताऱ्याने कुणी न सांगता घास तोंडात टाकला.

सेटवर कुणीतरी "आहा" म्हणालं. बांग मॅडमनी अंबाड्यातलं पेन काढून पुन्हा खोचलं. आनंद झाला की त्या असं करतात.

प्यो कॅमेऱ्याच्या पडद्याशी वाकून बसला होता. "सुरेख," तो म्हणाला. "एकच. करंगळी ताठ का राहते तुमची?"

दासोल पडद्यापाशी गेली. खरंच की. चार बोटं पानावर वाकलेली, आणि करंगळी बाजूला सरळ, काठीसारखी. ती तिची नव्हतीच.

मालसूनची उजवी करंगळी वाकत नाही. सतरा वर्षांची असताना माहेरच्या शेतात कोबी कापताना विळा बसला आणि आतली शीर तुटली. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, दासोललाही. पण त्या तीन दिवसांत तिने बोटं वेगळी अशी पाहिलीच नव्हती. हात उचलला तो अख्खा उचलला होता.

"वाकवा आणि पुन्हा करा," प्यो म्हणाला.

तिने वाकवली, आणि पान मधेच तुटलं. दुसऱ्यांदा ते दाबाने चिरडलं. तिसऱ्यांदा तिची नजर पुन्हा स्वतःच्या हाताकडे गेली आणि सोमवारची अंगठी परत आली. दाराशी येबिन बसली होती, तिला तयार राहायला सांगितलं होतं. मांडीवर हात ठेवून ती शहाण्या मुलीसारखी बघत होती.

"अहो," दासोल म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला नव्यानेच कळलं. सेटवर हात बोलत नसतात. "ती वाकणार नाही. ज्यांच्याकडून शिकले त्यांची वाकत नाही. माझ्या सासूबाईंची. हा त्यांचा हात आहे. हवा तर असाच घ्या, नाहीतर येबिनला बोलवा."

बांग मॅडमनी डोळे मिटून घेतले. प्योने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. तो कोपऱ्यात बसलेला पन्नाशीचा गृहस्थ, दिवसभरात त्याने एक शब्द काढला नव्हता. तो उठून पडद्याजवळ आला. पहिलं दृश्य त्याने लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा.

"माझ्या आत्याचा अंगठा असा होता," तो म्हणाला. "फाटकात चेंगरलेला. तिनेच वाढवलं मला." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "हेच ठेवा."

प्योने टोपी घातली. येबिन सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागली. पोरगी वाईट नाही.

जाहिरात ऑक्टोबरच्या मध्याला लागली. दासोलने सासूला काही कळवलं नव्हतं. तिला धीरच झाला नाही. त्या बोटाचं आपण काय करून बसलो हे तिला घरी आल्यावर उमगलं होतं. तेसोकनेच सांगितलं, की आईने लग्नाच्या फोटोतसुद्धा तो हात रुमालाखाली लपवलाय, आणि नवीन माणसासमोर ती अजूनही मूठ झाकून बसते. आणि दासोलने ते बोट सगळ्या देशाला दाखवलं होतं, पाच सेकंद, अगदी जवळून.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सासूच होती. मागे बैठकघरातला गलका, टीव्हीचा आवाज, कुणीतरी हसत होतं.

"दासोल?" मालसून म्हणाली. एरवी ती 'पोरी' म्हणायची.

"आई, मी तुम्हाला सांगणार होते. चुकून झालं हो ते. मी वाकवून बघितली, पण..."

"गप. आधी ऐक. मी पत्ते वाटत होते. टीव्हीकडे पाठ माझी. आणि ती पलीकडची म्हातारी आहे ना, हात कुणाचाही असेल म्हणणारी, ती ओरडली, 'मालसून! अगं हा तर तुझा हात!'"

दासोलने फोन कानाला घट्ट दाबला.

"मी वळून बघितलं," मालसून म्हणाली. आवाज एकदम खाली आला. ती बहुधा बाहेर ओट्यावर आली असावी, कारण गलका मागे पडला. "तरणाताठा, गोरापान. मातीत राबला नसता, तर माझाही असाच राहिला असता."

"आई..."

"एवढं चांगलं चांगलं सोडून हेच उचललंस होय गं?"

"वेगळं करता आलं नाही, आई. काढलं की सगळंच बिघडायचं."

पलीकडे मालसून रडत होती. लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही, आणि दासोलनेही डोळे पुसले नाहीत. थोड्या वेळाने मालसूनने नाक शिंकरलं.

"परत कधी लागते ती?"

"आठच्या बातम्यांच्या आधी."

"बरं. मग ठेव आता. या सगळ्या आज आमच्याकडे जेवायला येतायत, मी किमची फाडून दाखवावी म्हणून."